सात किलोंचे बिऱ्हाड

आमचे गाव उर्से. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने जाणाऱ्या मंडळींस हे नाव टोलनाक्याच्या पाटीपुरते ठाऊक असते. गाडी क्षणभर रेंगाळते आणि पुढे निघून जाते. गावात सहसा कोणी वळत नाही. आम्ही तीसेक वर्षांपूर्वी येथील एका कारखान्यात नोकरीनिमित्त आलो, ते इथलेच झालो. २००२ साली हा मार्ग पूर्ण खुला झाला, तो आमच्या डोळ्यांदेखत. गच्चीवर उभे राहिले की गाड्यांच्या टपांवर बांधलेल्या बॅगा दिसतात. कोण कुठे चालले आहे कोण जाणे, पण सामान प्रत्येकाजवळ आहे, एवढे मात्र इतक्या दुरूनही कळते.

या डिसेंबरात आम्हां उभयतांना डब्लिनला जायचे आहे. आमची कन्या तिथे परिचारिका आहे आणि तिचे पहिलेच बाळंतपण आहे. मुक्काम सहा आठवड्यांचा. तिकिटे झाली, व्हिसा झाला, आणि मग पाठीवरची बॅग कोणती घ्यावी या एका प्रश्नावर आमचे घर सुमारे महिनाभर अडून बसले. पिशवीवर का कोणी लेख लिहितो, असे वाचक म्हणतील. आम्हीही एके काळी तसेच म्हटले असते.

आमच्या लहानपणी प्रवासाला निघणे म्हणजे वळकटी बांधणे. सतरंजीत गादी, गादीत उशी, उशीच्या खोळीत धुतलेले कपडे, आणि वरून सुताची दोरी. ज्यांचे बरे चालले होते त्यांच्याकडे होल्डॉल असे, आणि वसतिगृहात जाणाऱ्या मुलाला पत्र्याची ट्रंक. आजोबांच्या खांद्यावर पडशी असे. तिचा एक कप्पा पुढे, एक मागे, आणि दोन्हीकडचे वजन सारखे झाल्याखेरीज ते उंबरा ओलांडीत नसत. आमच्या लग्नात नाशिकला तयार झालेली व्हीआयपीची सुटकेस मिळाली, तेव्हा शेजारपाजारची माणसे ती उघडमीट करून पाहायला आली होती. तिला चाके नव्हती. सामानाच्या बॅगेला चाके लावण्याची कल्पना बर्नार्ड सॅडो नावाच्या अमेरिकन गृहस्थाला सुचली ती १९७० साली, म्हणजे माणूस चंद्रावर जाऊन आल्यानंतर. उभी धरून ओढायची बॅग १९८७ साली रॉबर्ट प्लाथ नावाच्या एका वैमानिकाने काढली. इतकी साधी गोष्ट सुचायला एवढा काळ का लागला, याचे आम्हांस नेहमीच नवल वाटते. बहुधा तोवर ओझे उचलायला हमाल होते आणि विचार करणाऱ्यांना ते कधी उचलावे लागले नव्हते.

चाकांची बॅग आम्ही प्रथमच बाद केली, त्याला कारण गणित. विमानात आपल्याजवळ ठेवायच्या सामानाला सामान्य वर्गात बहुतेक ठिकाणी सात किलोंची मर्यादा असते, आणि लांबी, रुंदी, जाडी यांची बेरीज ११५ सेंटिमीटरच्या आत असावी लागते. कुठे ५५, ३५ आणि २५, तर कुठे ५५, ४० आणि २०. आता चाके, ओढायची दांडी आणि कडक कवच यांचेच वजन अडीच-तीन किलो भरते. म्हणजे सातांतील तीन किलो बॅगेनेच खाल्ले, उरले चार. शिवाय चाकेही त्या ५५ सेंटिमीटरांतच मोजली जातात. आणि आमच्या गल्लीतून पावसाळ्यात चाके फिरवायची म्हणजे मावळातला अर्धा चिखल आयर्लंडला न्यायचा!

पण हे सगळे पुढचे. मुळात सारे सामान जवळच का ठेवायचे? तिकिटाबरोबर दोघांना मिळून चांगले साठ किलो सामान विमानाच्या पोटात टाकायची मुभा आहे. ती सोडून सात किलोंत संसार बसवण्याचा हा हट्ट कशासाठी, असे आमच्या मेहुण्यांनी तोंडावर विचारले. त्यांना आम्ही उत्तर दिले नाही. येथे देतो.

आमची अक्का धर्मभगिनी होती. १९७९ साली वडिलांनी तिला श्रीरामपूरहून मनमाडला नेले आणि कोलकात्याच्या गाडीत बसवून दिले. तिची पत्र्याची ट्रंक वडिलांनी स्वतःच्या डोक्यावरून फलाटावर नेली. हमाल करू दिला नाही. तिथून ती आसामात गेली आणि अडतीस वर्षे तिकडच्या शाळांतून शिकवीत राहिली. २०१७च्या हिवाळ्यात तिच्या मठातून दूरध्वनी आला की ती अत्यवस्थ आहे, लवकर या. आम्ही दोघे पुण्याहून निघालो. तिने निरोप धाडला होता की ज्वारीचे पीठ आणा, आणि आईची गोधडी घरात असेल तर तीही आणा. गोधडी मोठी होती. हातातल्या बॅगेत मावेना. ती मोठ्या बॅगेत घातली, आणि ती बॅग विमानाच्या पोटात गेली.

कोलकात्याला विमान बदलले. गुवाहाटीला उतरलो तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते. सामानाचा पट्टा फिरू लागला. एकेक बॅग येत होती, माणसे आपापले उचलून जात होती. शेवटी पट्ट्यावर दोऱ्या बांधलेले एक खोके राहिले, ते तीन वेळा आमच्यासमोरून गेले, आणि पट्टा थांबला. मग खिडकीपाशी रांग, मग अर्ज, बॅगेचा रंग कोणता, कंपनी कोणती, आत काय आहे. ‘आत काय आहे’ या रकान्यापाशी आमचा हात थांबला होता, हे स्मरते. पुढच्या विमानाने कदाचित येईल, असे तिथला तरुण म्हणाला. तो बिचारा सभ्य होता. पुढचे विमान तासाभराने होते. आम्ही थांबलो. अक्काने दोनच गोष्टी मागितल्या होत्या आणि त्यांतली एक त्या बॅगेत होती. मोकळ्या हातांनी तिच्यासमोर कसे जायचे, असे आम्हां दोघांनाही वाटले. त्याही विमानाने बॅग आली नाही. आम्ही बाहेर पडलो तेव्हा सव्वातीन झाले होते.

तिथून रुग्णालय चार तासांवर. आम्ही पोहोचलो तेव्हा अक्काची शुद्ध गेली होती. तिच्या उशाशी बसलेल्या धर्मभगिनीने सांगितले की सहा वाजेपर्यंत ती बोलत होती, ‘आले का?’ म्हणून विचारीत होती. अक्का त्यानंतर बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे गेली. गोधडीची बॅग चौथ्या दिवशी मठाच्या दारात सुखरूप येऊन पोहोचली. गोधडी आम्ही तिथल्या वसतिगृहातील एका लहान मुलीला देऊन आलो.

निघताना मठाच्या वरिष्ठ भगिनींनी अक्काच्या वस्तू एका कापडी पिशवीत घालून आमच्या हाती दिल्या. दोन पांढऱ्या साड्या, चष्मा, जपमाळ, मुलांच्या नावांची एक वही, आणि वडिलांची काही पत्रे. परतीच्या प्रवासात विमानतळावर ती पिशवी काट्यावर ठेवावी लागली. तीन किलो चारशे ग्रॅम. काट्यामागची मुलगी हसून म्हणाली, अजून साडेतीन किलो चालतील, सर.

त्या दिवसापासून आमच्या घरात एक अलिखित नियम झाला की पट्ट्यापाशी थांबायचे नाही.

वस्तुतः बॅगा पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी हरवतात, हे आम्ही जाणून आहोत. जगभरच्या विमानतळांची मोजदाद पाहिली तर २००७ साली दर हजार प्रवाशांमागे जवळजवळ एकोणीस बॅगा उशिरा येत, मोडत वा गहाळ होत. २०२३ साली हे प्रमाण सातावर आले. बहुतेक बॅगा एकदोन दिवसांत सापडतातही. १९९९च्या माँट्रियल करारात एकवीस दिवसांची मुदत आहे. तेवढ्यात सामान आले नाही तर प्रवाशाला भरपाईवर हक्क सांगता येतो. कराराच्या दृष्टीने आमची बॅग वेळेत आली, असेच म्हणावे लागेल.

असो. बॅगेकडे वळू.

तळेगावात आमच्या ओळखीचा एक तरुण आहे. राजमाची, लोहगड, विसापूर हे किल्ले त्याच्या पायाखालचे. पाठीवरच्या बॅगेला तो ‘सॅक’ म्हणतो, आणि त्या विषयावर त्याला बोलते केले की चहा गार होतो. त्याच्या सल्ल्याने पुण्यातील दुकानातून आम्ही दोन सॅक परत करण्याच्या बोलीवर घरी आणल्या. पहिली चाळीस लीटरची. ती सुटकेसीसारखी तिन्ही बाजूंनी उघडते, तिच्या पाठीत आधाराची पट्टी आहे, कमरेला रुंद पट्टा आहे, आणि रिकामे वजन एक किलो सहाशे. दुसरी अठ्ठावीस लीटरची. मऊ, बिनकण्याची, कमरपट्टा म्हणजे नुसती फीत, रिकामे वजन आठशे पन्नास ग्रॅम. तरुण म्हणाला, “काका, डोळे मिटून मोठी घ्या. ओझे कमरेवर बसते, खांद्यांना कळतसुद्धा नाही.”

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. कमरपट्टा नितंबाच्या हाडावर नीट बसला की बराचसा भार खांद्यांवरून उतरून पायांकडे जातो. मात्र त्यासाठी सॅकची पाठ आणि माणसाची पाठ यांचे जमावे लागते. मान खाली घातली की मणक्याचे जे हाड वर येते तिथपासून कमरेच्या हाडापर्यंतची लांबी मोजायची. सॅक माणसाच्या उंचीवरून घ्यायची नसते, या लांबीवरून घ्यायची असते. आमची पाठ जमली. सौं.ची तीन बोटे आखूड भरली. मोठी सॅक पाठीला लावली की पट्टा कमरेच्या खाली उतरे आणि वरचे टोक डोक्यामागे येई. त्यांना मागून पाहिले तर सॅकच चालली आहे असे वाटे.

आम्ही तीस वर्षे कारखान्याच्या तपासणी विभागात काढली. माप घेतल्याशिवाय आमचा कशावर विश्वास बसत नाही, आणि घेतल्यावरही पूर्ण बसत नाही. विमानतळावर बॅग ज्या लोखंडी चौकटीत घालून पाहतात, ती आमच्या भाषेत ‘गो गेज’. वस्तू आत गेली तर पास, नाही गेली तर नापास. मधले काही नाही. तेव्हा अंगणात जुन्या कोन-पट्ट्यांची ५५ बाय ३५ बाय २५ची चौकट जुळवली. दोन्ही सॅक रिकाम्या असता अलगद गेल्या. भरल्यावर मोठी सॅक पुढच्या कप्प्यापाशी फुगली आणि अडली.

मग दुसरा प्रयोग केला. दहा लीटरच्या बादलीत घड्या घातलेले कपडे हाताने दाबून बसवले आणि बादलीचे वजन वजा करून तोलले. दोन किलोंच्या आसपास आले. याचा अर्थ अठ्ठावीस लीटरच्या सॅकमध्ये साडेपाच किलो कपडे बसतील, आणि सॅकसकट ते सात किलोंच्या आतच राहील. चाळीस लीटरची गच्च भरली तर आठ किलो कपडे आणि वर तिचे स्वतःचे एक किलो सहाशे. म्हणजे जी जागा वापरली तर काट्यावर दंड होणार, त्या जागेसाठी आम्ही पैसे मोजणार होतो. एवढे सरळ गणित असताना मोठ्या सॅकचा मोह सुटेना, याचे कारण ती दिसायला भारदस्त होती. पोटभर जेवलेल्याने ताटातल्या लाडवाकडे पाहावे, तसे आम्ही तिच्याकडे पाहत होतो.

कापडाचीही चौकशी केली. कापडाच्या चिठ्ठीवर ‘डेनिअर’चा आकडा असतो, नऊ हजार मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितके डेनिअर. आकडा मोठा तर धागा जाड, आणि सॅकही जड. तारा मोजण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे ऐकून फार आपलेपणा वाटला. परंतु सॅक फाटते ती क्वचितच कापडात; ती जाते चेनीपाशी आणि खांद्याचा पट्टा जिथे शिवला आहे तिथे. हे आम्हांस आमच्या शिंप्याने सांगितले, आणि दोन्ही सॅक उलट्या करून आतल्या शिवणी दाखवल्या. आमच्या मते खरेदीपूर्वी त्याच्यासारख्या माणसाकडे एक चक्कर मारावी. दुकानातील विक्रेता शिवण उलटी करून दाखवीत नाही.

इकडे सौं.ची यादी वाढत होती. लेकीचे बाळंतपण म्हटल्यावर डिंकाचे लाडू, अळीव, सुंठ, खारीक, बाळाची झबली, टोपरी, दुपटी, आणि दोन किलो साजूक तूप. तुपावर पहिली कुऱ्हाड आली. युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून येणाऱ्या प्रवाशाने दुधाचे वा मांसाचे पदार्थ आणायचे नाहीत, असा नियम आहे. आणि पातळ पदार्थ हातातल्या सामानात शंभर मिलिलीटरच्या बाटलीपलीकडे नेता येत नाहीत, तो निर्बंध २००६ साली लंडनमध्ये द्रव स्फोटकांचा कट उघडकीस आल्यापासून सर्वत्र लागू झाला. आता काही विमानतळांवर नवी यंत्रे आल्याने तो सैल होत आहे, पण त्या भरवशावर तूप कोण नेणार? सौं.नी दोन दिवस अबोला धरला. अखेर कन्येनेच फोनवर समजूत काढली. “आई, अगं इथल्यासारखं लोणी जगात नसेल. तू फक्त डिंक आण, तूप आपण इथेच कढवू.” आयरिश लोण्याचे तूप मावळातल्या तुपासारखे रवाळ होईल का, हा प्रश्न सौं.नी राखून ठेवला आहे.

अशा रीतीने लाडू रद्द होऊन डिंक, खारकेची पूड आणि सुंठ उरली. सारे मिळून सव्वा किलो. औषधे आणि फोनची बॅटरी आमच्या सॅकमध्ये. ही जादा बॅटरी विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात ठेवायचीच नसते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. कधी गर्दी असली की विमानाच्या दाराशी आपली सॅक काढून घेऊन खाली पाठवतात. त्या वेळी बॅटरी आणि औषधे पटकन काढता येतील अशी वरच्याच कप्प्यात हवीत. लहान सॅकचा वरचा कप्पा एका हाताने उघडतो. मोठीचा कप्पा पट्ट्यांखाली दडलेला होता.

तरीही निर्णय होईना. आमचा एकच मुद्दा उरला होता. लहान सॅकला कमरपट्टा नाही, आणि सौं.च्या पाठीचे दुखणे जुने आहे. तेव्हा दोन्हींत इंद्रायणी तांदळाच्या पिशव्या भरल्या, स्प्रिंगच्या काट्यावर सात-सात किलो पुरे केले, आणि एका रविवारी तळेगाव स्टेशनावर गेलो. पादचारी पुलावर सॅक घेऊन चढायचे, पलीकडे उतरायचे, पुन्हा यायचे. लोणावळा लोकलची वाट पाहणारी मंडळी आमच्याकडे पाहत होती. एका वारकरी आजींनी तर थांबवून विचारले, कुठे निघालात? आम्ही म्हटले, कुठे नाही, तांदूळ फिरवतो आहोत. त्यांनी स्वतःची पिशवी दाखवली. म्हणाल्या, जड ते दिंडीच्या ट्रकात टाकते, खांद्यावर एवढीच.

सौ. मोठी सॅक घेऊन पूल चढल्या. कुरकुर केली नाही. मग लहान घेऊन चढल्या. दोन्हींत फारसा फरक वाटला नाही, असे म्हणाल्या. घरी आल्यावर त्यांनी एक निराळीच गोष्ट केली. स्वयंपाकघरातला फडताळाचा वरचा कप्पा रिकामा केला आणि दोन्ही सॅक आळीपाळीने त्यात ठेवून पाहू लागल्या. मोठी सॅक छातीपर्यंत आली आणि तिथे थांबली; आम्ही हात द्यायला पुढे झालो, तर त्यांनी नको म्हणून मान हलवली. लहान सॅक त्यांनी एका दमात वर सरकवली.

“अगं, विमानात मी आहे ना वर ठेवायला,” आम्ही म्हटले.

“अहो, जाताना आहात,” त्या म्हणाल्या. “पण पुढे कधी मला एकटीला लेकीकडे जावं लागलं, तर?”

आम्ही एकोणसत्तर वर्षांचे आहोत, गेल्या वर्षी छातीत एक नळी बसवून घेतली आहे. या प्रश्नावर तपासणी विभागाकडे कोणतेही गेज नव्हते. दुसऱ्या दिवशी मोठी सॅक दुकानात परत केली आणि लहानाची जोडी पुरी केली.

मेहुण्यांच्या आग्रहाखातर एक जुनी बॅग विमानाच्या पोटातही जाईल. तीत आमचे जाड कपडे आहेत आणि शेजाऱ्यांनी त्यांच्या भाच्यासाठी दिलेली पुस्तके. ती पट्ट्यावर आली तर घ्यायची, न आली तर अर्ज कन्येच्या घरी बसून भरायचा, असे ठरले आहे. सौं.नी हे आमच्याकडून दोनदा वदवून घेतले.

काल रात्री अंतिम तोलणी झाली. सौं.च्या सॅकमध्ये सर्वांत वर बाळाची गोधडी आहे. अक्काच्या दोन पांढऱ्या साड्यांची ती सौं.नीच गेल्या पावसाळ्यात शिवली. कडेला हिरवा धागा, मधे बारीक धावदोरा. तिचे वजन नऊशे दहा ग्रॅम. सॅकचा काटा सात किलो शंभरावर गेला, म्हणून सौं.नी आपली एक शाल काढून ठेवली. मग सहा किलो आठशे भरले.